राजा, देश आणि २७५ मतं : ऑक्सफर्डच्या १९३३ च्या वादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजातल्या मुलामुलींना वादविवादासाठी तयार करताना गेली अनेक वर्षं मी एक गोष्ट हमखास सांगते: १९३३ साली ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी ‘राजा आणि देशासाठी लढणार नाही’ असा ठराव मंजूर केला, त्याची. गोष्ट संपली की हात वर होतात आणि नंतर निरोप येत राहतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा वाद नेमका काय होता? दोन मिनिटांत सांगाल का?

९ फेब्रुवारी १९३३, गुरुवारची रात्र. ऑक्सफर्ड युनियन या वादसभेत ठराव मांडला गेला: ‘कोणत्याही परिस्थितीत हे सभागृह आपल्या राजासाठी आणि देशासाठी लढणार नाही.’ दोन्ही बाजूंची भाषणं झाली, मतदान झालं. ठरावाच्या बाजूनं २७५, विरोधात १५३. ठराव मंजूर.

ज्या रात्री हे घडलं त्याच्या बरोबर दहा दिवस आधी, ३० जानेवारीला, हिटलर जर्मनीचा चान्सलर झाला होता. पुढे जे झालं ते सगळ्यांना माहीत असल्यामुळे या मतदानाकडे मागे वळून पाहणारा प्रत्येक जण चिडतो किंवा हळहळतो. त्या रात्री सभागृहात बसलेल्यांना पुढचं काहीच माहीत नव्हतं. एवढी एक गोष्ट मनात धरून बाकीची उत्तरं वाचावीत, ही विनंती.

२. ऑक्सफर्ड युनियन म्हणजे तिथली विद्यार्थी संघटनाच ना?

नाही, आणि हा घोटाळा फार होतो. युनियन ही १८२३ साली विद्यार्थ्यांनी सुरू केलेली वादसभा आहे. विद्यापीठाच्या कारभाराशी तिचा संबंध नाही. वर्गणी भरून सभासद व्हायचं. अध्यक्ष, ग्रंथपाल, खजिनदार, चिटणीस हे सगळे विद्यार्थ्यांमधूनच निवडले जातात. तिची स्वतःची इमारत आहे, वाचनालय आहे आणि १८७९ मध्ये बांधलेलं वादगृह आहे. ग्लॅडस्टनसारखे पुढचे पंतप्रधान विद्यार्थी असताना तिथे अध्यक्ष होते.

सभेची पद्धत ब्रिटिश संसदेच्या धर्तीवर. ठराव मांडणारा एक, विरोध करणारा एक, मग दोन्हीकडचे वक्ते, कधी बाहेरचे पाहुणे, आणि त्यानंतर सभासदांपैकी ज्याला बोलायचं तो. शेवटी मतदान पायांनी होतं: सगळे उठून बाहेर पडतात, ‘हो’ म्हणणारे उजव्या दारानं, ‘नाही’ म्हणणारे डाव्या दारानं, आणि दारात उभे असलेले मोजतात. मला ही पद्धत आवडते. हात वर करणं सोपं असतं. शेजारी बसलेल्या मित्राला सोडून दुसऱ्या दाराकडे चालत जायला थोडा धीर लागतो.

३. ‘किंग अँड कंट्री’चं मराठी ‘मातृभूमी’ असं केलं तर चालेल का?

कृपा करून करू नका. एका स्पर्धेत माझ्या विद्यार्थिनीनं ‘राजा आणि देश’ म्हटलं, तर परीक्षकांनी ‘मातृभूमी म्हणा, ऐकायला बरं वाटतं’ असं सुचवलं होतं. ऐकायला बरं वाटतं, पण अर्थ बदलतो. एका अक्षराच्या फरकानं ‘ध’चा ‘मा’ झाला की काय होतं हे पुण्याला वेगळं सांगायला नको.

‘राजा आणि देश’ ही १९१४ च्या सैन्यभरतीची घोषणा होती. ‘तुमच्या राजाला आणि देशाला तुमची गरज आहे’ असं भिंतीभिंतीवर चिकटवलेलं होतं. ती वाचून गेलेली लाखो मुलं फ्रान्स-बेल्जियमच्या चिखलातून परत आली नाहीत. १९३३ च्या विद्यार्थ्याच्या कानात त्या दोन शब्दांसोबत हे सगळं वाजायचं. म्हणून ठराव मांडणाऱ्यांच्या मनात प्रश्न असा होता: सरकारनं पुन्हा ती घोषणा दिली की आम्ही पुन्हा काही न विचारता निघायचं का? तो ‘मातृभूमीवर प्रेम आहे का’ या प्रश्नापेक्षा फार वेगळा आहे. बाहेरच्या जगानं मात्र दुसराच प्रश्न ऐकला.

४. बाजूनं कोण बोललं, विरोधात कोण?

ठरावाची शब्दरचना डेव्हिड ग्रॅहम या विद्यार्थ्याची. अध्यक्षस्थानी फ्रँक हार्डी. ठराव मांडला केनेल्म डिग्बीनं, विरोध केला स्टील-मेटलंडनं. डिग्बीचा सूर डावा होता. शांततेसाठी झटणारा देश म्हणून त्यानं सोव्हिएत रशियाचं नाव घेतलं.

पाहुणे दोन. ठरावाच्या बाजूनं तत्त्वज्ञ सी. ई. एम. जोड, विरोधात क्विंटिन हॉग. हॉग काही वर्षांपूर्वी याच युनियनचे अध्यक्ष होते आणि पुढे लॉर्ड हेलशम म्हणून ब्रिटनचे लॉर्ड चान्सलर झाले. हॉग यांचा मुद्दा सरळ होता: नि:शस्त्र ब्रिटनचं युरोपात कुणी ऐकणार नाही, आणि दुबळेपणा दाखवणं हेच युद्धाला आमंत्रण आहे.

रात्र जिंकली ती जोड यांनी, असं उपस्थितांपैकी बहुतेकांचं मत. सरकार सांगेल तेव्हा प्रचंड प्रमाणावर खून करायला आम्ही तयार नाही, असा या ठरावाचा खरा अर्थ आहे, अशी त्यांची मांडणी होती. पुढचं युद्ध झालं तर काही मिनिटांत बाँबफेकी विमानं शहरांवर येतील, हे चित्र त्यांनी उभं केलं. ते हवेतलं नव्हतं. तीनच महिने आधी, नोव्हेंबर १९३२ मध्ये, माजी पंतप्रधान बॉल्डविन यांनी भर संसदेत सांगितलं होतं की बाँबफेकी विमान नेहमीच पार होणार, त्याला अडवणारी कुठलीही शक्ती जगात नाही. देशाचा एवढा मोठा नेता असं म्हणतो, तेव्हा वीस वर्षांच्या मुलानं काय समजायचं?

५. पण देशासाठी लढणार नाही म्हणणं हा भित्रेपणाच नाही का?

सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि बहुतेकदा रागानं येतो. राग समजतो. ज्यांच्या घरातलं कुणी सैन्यात आहे त्यांना हे वाक्य टोचणारच.

उत्तर देण्याआधी त्या मुलांची वयं बघू. १९३३ मध्ये विशीत असलेला मुलगा पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे जन्मलेला. ऑक्सफर्डमधून त्या युद्धात साडेचौदा हजारांच्या आसपास लोक गेले आणि २,७०० हून अधिक मेले, म्हणजे जवळपास पाचातला एक. कॉलेजच्या चॅपलमध्ये जा, भिंतीवर नावांच्या याद्या कोरलेल्या. जेवणाच्या दालनात बसा, तिथे तसबिरी. कुणाचा काका, कुणाचे वडील, कुणाच्या शिक्षकाचा एकुलता मुलगा. आणि ज्या युद्धात ते गेले ते ‘सगळी युद्धं संपवणारं युद्ध’ म्हणून सांगितलं गेलं होतं. १९३१ मध्ये जपाननं मांचुरियात सैन्य घुसवलं तेव्हा राष्ट्रसंघाला (पहिल्या महायुद्धानंतर शांतता राखण्यासाठी देशांनी उभारलेल्या ‘लीग ऑफ नेशन्स’ला) काही करता आलं नाही, आणि जिनिव्हाची नि:शस्त्रीकरण परिषद वर्षभर चर्चाच करत होती.

शिवाय २७५ जणांचं म्हणणं एकच होतं असंही नाही. काही जण कुठल्याही हिंसेच्या विरोधात होते. काही कम्युनिस्ट होते, त्यांचा आक्षेप राजासाठी लढण्याला होता, लढण्याला नव्हता. राष्ट्रसंघानं सांगितलं तर आक्रमकाविरुद्ध लढू, पण एकट्या ब्रिटनच्या साम्राज्यासाठी लढणार नाही, असं मानणारेही बरेच होते. काही जोड यांच्या भाषणानं भारावून उजव्या दाराकडे गेले. यातल्या प्रत्येकाला भित्रा म्हणता येईल असं मला वाटत नाही. ‘कोणत्याही परिस्थितीत’ हे दोन शब्द मात्र त्यांना जड गेले, आणि जायलाच हवे होते. तिथे विरोधी पक्षाचा मुद्दा बळकट होता (प्रश्न १५ पाहा).

६. म्हणजे १९३३ चं सगळं ऑक्सफर्ड युद्धविरोधी होतं?

शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत त्याच भांड्यातलं असावं लागतं. त्या रात्री एकूण ४२८ जणांनी मत दिलं. विद्यापीठात तेव्हा चार हजारांहून जास्त विद्यार्थी होते. युनियनचे सभासद सगळे नव्हते, आणि जे होते त्यांतलेही राजकारणाची आवड असलेलेच गुरुवारी रात्री यायचे. म्हणून ‘ऑक्सफर्डनं ठरवलं’ असं लिहिणं चूक. ‘ऑक्सफर्डच्या वादसभेत त्या रात्री हजर असलेल्यांनी बहुमतानं ठरवलं’ हे बरोबर.

७. मुलींनीही मत दिलं होतं का?

नाही. १९२० पासून ऑक्सफर्ड मुलींना पदवी देत होतं, पण युनियनचं सभासदत्व देत नव्हतं. त्या वर सज्जात बसून ऐकायच्या. पूर्ण सभासदत्व १९६३ मध्ये मिळालं, पहिली महिला अध्यक्ष जेराल्डिन जोन्स १९६८ मध्ये झाली आणि १९७७ मध्ये बेनझीर भुत्तो. म्हणजे युद्ध झालं तर ज्यांचे भाऊ जाणार, ज्यांच्या घरावर बाँब पडणार, त्या या प्रश्नावर मत देऊच शकत नव्हत्या. हा वाद शिकवताना ही गोष्ट मी कधीच गाळत नाही.

८. विद्यार्थ्यांच्या एका ठरावावरून एवढा गदारोळ का झाला?

पहिले एक-दोन दिवस फारसं काही झालं नाही. मग वृत्तपत्रांनी विषय उचलला. ‘डेली एक्स्प्रेस’नं या मुलांना गोंधळलेले कम्युनिस्ट, टवाळखोर आणि त्याहून असभ्य अशी विशेषणं लावली. ‘मँचेस्टर गार्डियन’नं समजुतीनं लिहिलं, की जुन्या युद्धांत त्या घोषणेचा जसा वापर झाला त्याचा हा तरुणांना आलेला उबग आहे.

युनियनकडे एक खोका आला. त्यात २७५ पांढरी पिसं होती, प्रत्येक ‘हो’ मताला एक. पहिल्या महायुद्धात साध्या कपड्यांतल्या तरुणाच्या हातात बायका पांढरं पीस ठेवायच्या, ‘तू भित्रा आहेस’ असं सांगायला. आपल्याकडे बांगड्यांचा आहेर करतात तसं. (बांगड्या म्हणजे दुबळेपणा हे समीकरण आपण अजून का वापरतो, हा वेगळा विषय, पण मनात खुपतो.) मग दुसरा खोका आला. तेव्हा अध्यक्ष हार्डीनं शांतपणे जाहीर केलं, की ठरावाच्या बाजूनं मत देणाऱ्या प्रत्येकाला आता दोन-दोन पिसं मिळू शकतात.

१७ फेब्रुवारीला लंडनच्या एका सभेत विन्स्टन चर्चिल यांनी या ठरावाला ‘हीन, ओंगळ, निर्लज्ज कबुली’ म्हटलं. जर्मनी, इटली, फ्रान्समधल्या तरुणांनी हे वाचून काय मनात आणलं असेल, हा त्यांचा सवाल होता. चर्चिल तेव्हा सत्तेबाहेर होते आणि जर्मनीबद्दल सावध करणाऱ्या मोजक्या लोकांपैकी होते. त्यांची भाषा मला पटत नाही, काळजी पटते.

९. ठराव नोंदवहीतून काढून टाकण्याचा प्रयत्न झाला म्हणतात, ते काय?

प्रयत्न दोनदा झाला. पुढच्याच आठवड्यात काही जण सभागृहात घुसले आणि नोंदवहीतलं ते पान फाडून घेऊन गेले. ही झाली दांडगाई.

दुसरा प्रयत्न नियमात बसवून केलेला. चर्चिल यांचा मुलगा रँडॉल्फ युनियनचा जुना सभासद. युनियनचं सभासदत्व आजन्म असतं, त्यामुळे जुन्या मंडळींना येऊन मत देता येतं. रँडॉल्फनं हा ठराव दप्तरातून पुसून टाकावा असा नवा ठराव आणला आणि बाहेरगावच्या आजन्म सभासदांना हजर राहायचं आवाहन केलं. २ मार्च १९३३ ला सभागृह तुडुंब भरलं. त्याच्या भाषणात आरडाओरड झाली, दुर्गंधीचे फटाके फुटले. वारं फिरलंय हे पाहून त्यानं ठराव मागे घ्यायची परवानगी मागितली. सभागृहानं ती नाकारली, मतदान व्हायलाच हवं म्हणून. निकाल: पुसण्याच्या बाजूनं १३८, विरोधात ७५०.

माझ्या दृष्टीनं या सगळ्या प्रकरणातली खरी मोठी रात्र ही दुसरी. त्या ७५० मध्ये मूळ ठराव मान्य नसलेले कितीतरी लोक होते. ‘ठराव चुकीचा असेल, पण आमच्या सभेनं काय ठरवलं ते बाहेरचा कुणी येऊन खोडू शकत नाही’ असं ते म्हणत होते. मुलांना मी नेहमी दोन्ही आकडे सांगते. पहिला आकडा सगळीकडे छापलेला असतो, दुसरा फारसा कुणी सांगत नाही.

१०. या ठरावामुळे हिटलरला चेव आला आणि महायुद्ध झालं, हे खरं का?

असं सांगितलं खूप जातं. युद्धानंतर चर्चिल यांनी आपल्या आठवणींत लिहिलं, की या ठरावामुळे ब्रिटन सडलेला आणि लेचापेचा आहे असा समज परदेशांत पसरला. १९६५ मध्ये एका जर्मन गृहस्थानं इंग्लंडमधल्या वृत्तपत्राला पत्र लिहून हिटलरवर याचा परिणाम झाल्याचा दावा केला. तेव्हापासून ही गोष्ट भाषणांतून फिरते आहे.

इतिहासकार मार्टिन सीडल यांनी १९७९ मध्ये या दंतकथेची बारकाईनं तपासणी केली. हिटलरनं या ठरावाच्या आधारे काही निर्णय घेतला असा पुरावा त्यांना सापडला नाही. थोडा विचार केला तरी ते पटतं. पूर्वेकडे जमीन बळकावण्याचं स्वप्न हिटलर १९३३ च्या कितीतरी आधी उघड मांडत होता. करारानं सैन्यबंदी असलेल्या ऱ्हाईनलँडमध्ये १९३६ साली जर्मन सैन्य शिरलं तेव्हा ब्रिटन-फ्रान्सची सरकारं स्वस्थ बसली, १९३८ मध्ये म्युनिकला त्यांनी हिटलरला चेकोस्लोव्हाकियाचा तुकडा दिला. हे निर्णय मंत्रिमंडळांचे होते. त्यांचं ओझं ४२८ पोरांच्या मतदानावर टाकणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं.

उलट बाजूही सांगायला हवी. ठरावाची बातमी परदेशांत पोचली होती आणि ब्रिटिश तरुणांबद्दल काहींचं मत त्यानं बनलं असणार. ‘परिणाम शून्य’ असं मी म्हणणार नाही. ‘त्यामुळे युद्ध झालं’ असं म्हणणाऱ्यानं पुरावा द्यावा.

११. बाकीची ब्रिटिश जनता तेव्हा काय म्हणत होती?

ऑक्टोबर १९३३ मध्ये लंडनच्या ईस्ट फुलहॅममध्ये पोटनिवडणूक झाली. चौदा हजारांच्या मताधिक्यानं राखलेली जागा सरकारपक्षानं जवळपास पाच हजारांनी गमावली. घरांचे प्रश्नही होते, पण निकालाचा अर्थ ‘लोकांना शस्त्रास्त्रं नकोत’ असाच लावला गेला.

१९३४-३५ मध्ये स्वयंसेवकांनी दारोदार जाऊन ‘शांतता मतदान’ घेतलं. त्यात १ कोटी १५ लाखांहून अधिक लोकांनी उत्तरं दिली. प्रचंड बहुमत राष्ट्रसंघाच्या आणि शस्त्रकपातीच्या बाजूचं. पण एक देश दुसऱ्यावर चालून गेला तर गरज पडल्यास लष्करी मार्गानं थांबवावं का, या प्रश्नालाही जवळपास ६८ लाख लोकांनी ‘हो’ म्हटलं. म्हणजे लोकांना युद्ध नको होतं, तरी आक्रमकाला मोकळं सोडायचं नव्हतं. युनियनमधल्या अनेक ‘हो’ मतांमागेही हीच भावना होती (प्रश्न ५).

१२. मग १९३९ मध्ये या मुलांनी काय केलं?

ती लढली. सप्टेंबर १९३९ मध्ये ऑक्सफर्डमध्ये भरतीची नोंदणी सुरू झाली तेव्हा अडीच हजारांहून अधिक जणांनी आपणहून नावं दिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये याच युनियननं सक्तीच्या लष्करभरतीचं स्वागत करणारा ठराव मंजूर केला होता. खरं तर १९३३ चे बहुतेक मतदार तोवर विद्यापीठ सोडून गेले होते, त्यामुळे ‘त्याच मुलांनी शब्द फिरवला’ हे वाक्य ढिलं आहे. पिढी तीच होती एवढंच म्हणता येईल.

ठळक माणसांबद्दल विचारतात म्हणून सांगते. जोड यांनी १९४० मध्ये आपली युद्धविरोधी भूमिका सोडली. नाझी जर्मनीला थोपवलंच पाहिजे असं ते जाहीरपणे म्हणू लागले. ठराव मांडणारा डिग्बी वकील होऊन १९३४ मध्ये बोर्निओ बेटावरच्या सारावाकला गेला, आणि जपान्यांनी तो मुलूख घेतल्यावर त्यांच्या कैदी छावणीत त्यानं दिवस काढले. हॉग यांनी सैन्यात जाऊन उत्तर आफ्रिकेत जखम झेलली.

१३. म्हणजे त्या रात्री विरोधात बोलणारे दूरदृष्टीचे होते आणि बाजूनं बोलणारे भाबडे, असंच ना?

इथे हॉग यांचं पुढचं पान वाचावं लागतं. म्युनिक करार झाल्यावर ऑक्टोबर १९३८ मध्ये ऑक्सफर्डला पोटनिवडणूक झाली. हॉग सरकारपक्षाचे उमेदवार, म्हणजे म्युनिक कराराचं समर्थन करणारे. समोर बॅलिअल कॉलेजचे प्रमुख ए. डी. लिंडसे, हिटलरशी तडजोड नको म्हणून अपक्ष उभे. लिंडसे यांच्या प्रचारात विद्यार्थी उतरले, त्यांत पुढे पंतप्रधान झालेला एडवर्ड हीथही होता. ‘हॉगला मत म्हणजे हिटलरला मत’ अशी घोषणा गाजली. हॉग जिंकले, पण पक्षाचं मताधिक्य निम्म्यावर आलं.

१९३३ मध्ये ‘दुबळेपणा युद्ध ओढवतो’ म्हणणारा माणूस १९३८ मध्ये तडजोडीच्या बाजूला, आणि ज्या विद्यार्थ्यांना भित्रे म्हटलं त्यांच्या धाकट्या भावंडांची फळी हिटलरविरोधात. हॉग यांना कमी लेखायला हे सांगत नाही. त्या पाच वर्षांत प्रामाणिक माणसंही आपापल्या जागा शोधत होती. एका रात्रीच्या भाषणावरून कुणाची कायमची बाजू ठरवू नये म्हणून सांगते.

१४. आपले भारतीय विद्यार्थी तेव्हा तिथे होते का? त्यांचा ‘राजा’ कोण?

होते, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याचं मला नेहमी कौतुक वाटतं. भारतीय विद्यार्थ्यासाठी पाचवा जॉर्ज हा ‘आपला राजा’ होता तो कायद्यानं, मनानं नव्हे. ऑक्सफर्डमध्ये १८९६ पासून ‘मजलिस’ ही भारतीय विद्यार्थ्यांची स्वतःची वादसभा होती. मुंबईचे न्यायमूर्ती एम. सी. छागला विद्यार्थी असताना तिचे अध्यक्ष होते. स्वराज्याचा विषय तिथे मोकळेपणानं निघायचा.

युनियनमध्येही भारतीय उपखंडातले विद्यार्थी पदांवर पोचत होते. सिलोनचे बंडारनायके १९२० च्या दशकात चिटणीस आणि खजिनदार झाले. आणि त्या गाजलेल्या ठरावानंतर वर्षभरात, १९३४ मध्ये, मुंबईचा डोसाभाई फ्रामजी कराका हा पारशी तरुण युनियनचा पहिला भारतीय अध्यक्ष झाला. पुढे मुंबईत परत येऊन त्यांनी ‘करंट’ साप्ताहिक चालवलं. साम्राज्याच्या सगळ्यांत मानाच्या वादसभेच्या खुर्चीवर मुंबईचा मुलगा बसतो, तेही हिंदुस्थानात सविनय कायदेभंगाचे कैदी तुरुंगात असताना, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावं.

आणखी एक योगायोग. ऑक्सफर्डचा ठराव ९ फेब्रुवारीचा. गांधीजी तेव्हा पुण्यात येरवडा तुरुंगात होते, आणि ११ फेब्रुवारीला पुण्यातूनच ‘हरिजन’चा पहिला अंक निघाला. शस्त्राविना लढणं म्हणजे काय, यावर त्याच आठवड्यात जगाच्या दोन टोकांना विचार चालू होता.

ज्यांना सभेत बोलायची भीती वाटते त्यांच्यासाठी: नेहरू केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात असताना तिथल्या ‘मॅगपाय अँड स्टंप’ या वादसभेत पूर्ण सत्र न बोलणाऱ्याला दंड असायचा. नेहरूंनी स्वतःच लिहिलंय, की तो दंड त्यांनी अनेकदा भरला.

१५. ठरावाच्या शब्दांत खोट होती असं तुम्ही म्हणता. ती कोणती?

‘कोणत्याही परिस्थितीत’. वादाच्या तंत्रात इतका पूर्ण शब्द घेतला की विरोधकाला एकच अपवाद दाखवला तरी पुरतं. शत्रू दारात आला तर? शेजारच्या छोट्या देशावर चालून गेला तर? १९३३ च्या विरोधकांनी हा धागा हवा तितका ओढला नाही. तिथेच ते हरले असं माझं मत आहे.

मग तो शब्द ठेवला का? सभागृह भरायला. सौम्य ठरावाला गर्दी होत नाही, हे प्रत्येक कॉलेजच्या वादविवाद मंडळाला ठाऊक आहे. १९२७ मध्ये केंब्रिज युनियननं असाच शांततावादी ठराव २१३ विरुद्ध १३८ नं मंजूर केला होता. तो आज कुणाला आठवतो? शब्द साधे होते, ‘राजा’ त्यात नव्हता.

१६. ऑक्सफर्डपुरतंच राहिलं की इतरत्रही पसरलं?

पसरलं. मँचेस्टर आणि ग्लासगोच्या विद्यार्थ्यांनीही तसेच ठराव मंजूर केले. अमेरिकेत त्याला ‘ऑक्सफर्ड शपथ’ असं नाव पडलं: सरकारनं कुठलंही युद्ध केलं तरी साथ देणार नाही, अशी. एप्रिल १९३४ मध्ये तिथल्या सुमारे २५,००० विद्यार्थ्यांनी तासभर वर्ग सोडून युद्धविरोधी संप केला, पुढच्या वर्षी संख्या कितीतरी पटींनी वाढली. मग स्पेनचं यादवी युद्ध आलं. फॅसिस्टांविरुद्ध लढायला स्वयंसेवक जाऊ लागले आणि ‘कुठलंही युद्ध नको’ म्हणणं डाव्या विद्यार्थ्यांनाच अवघड झालं. १९३७ च्या अखेरीस अमेरिकन विद्यार्थी संघटनेनं ती शपथ सोडली.

१७. ठराव मांडणारा जे बोलतो ते तो मानत असतोच का?

नसेलही. वादसभेत दिलेली बाजू लढवणं हा सराव आहे. पण मतदान करणारा स्वतःचं मत देतो, तिथे सराव संपतो. १९३३ मध्ये वृत्तपत्रांनी या दोन गोष्टी एकत्र केल्या: कुणी म्हणालं ही पोरांची गंमत, कुणी म्हणालं हा देशद्रोह. मला दोन्ही चुकीचं वाटतं. त्या मुलांनी ते मनापासून म्हटलं होतं, त्या रात्रीपुरत्या माहितीवर.

१८. हाच ठराव नंतर कधी पुन्हा झाला का?

बरोबर पन्नास वर्षांनी, ९ फेब्रुवारी १९८३ ला, युनियननं तोच ठराव पुन्हा घेतला. फॉकलंड युद्ध आदल्या वर्षीचं, अण्वस्त्रांविरुद्धची चळवळ जोरात. या वेळी बाजूनं १८७, विरोधात ४१६. ठराव फेटाळला गेला.

१९. आमच्या कॉलेजात हा विषय ठेवायचा आहे. कसा ठेवावा?

मूळ ठराव जसाच्या तसा ठेवू नका, ‘राजा’ आपल्याला नाही. दोन मार्ग मी वापरून पाहिलेत. एक, १९३३ चंच सभागृह उभं करायचं: सगळ्यांनी ९ फेब्रुवारी १९३३ पर्यंतचीच माहिती वापरायची, म्युनिक किंवा छळछावण्या तोंडातून निघाल्या की गुण कापायचे. मुलांना हे भयंकर अवघड जातं, आणि त्यातूनच ती सगळ्यांत जास्त शिकतात. दुसरा, ठराव पुसण्यावर वाद घ्यायचा: ‘सभेनं मंजूर केलेला ठराव पुढे लाजिरवाणा वाटला तरी दप्तरातून काढू नये.’ यात प्रश्न ९ मधली माहिती लागेल.

मुलींना आधी बोलू द्या. मतदान हात वर करून घेऊ नका, दोन दारं असतील तर दारांनी घ्या. एकच दार असेल तर खडूनं मधोमध रेघ मारली तरी चालतं.